एप्रिलमध्ये वाहणारं गटार

मे महिन्यात पुण्याच्या रामनदीला पाणी असतं, ही काही चांगली बातमी नव्हे. परतीचा पाऊस जाऊन सहा महिने उलटलेले असतात, बाणेर-पाषाण टेकडीवरचं गवत वाळून भुरं झालेलं असतं, आणि इकडे सोमेश्वरवाडीच्या बाजूला नदी मात्र छान खळखळत चाललेली असते. नवीन राहायला आलेला माणूस पुलावरून वाकून बघतो आणि म्हणतो, "अरे वा, उन्हाळ्यातही वाहते की!" वाहते, कारण ते पाणी आपलंच आहे. खडकवासल्याहून नळाने घरात आलेलं, मग मोरीतून, संडासातून, वॉशिंग मशीनमधून बाहेर पडलेलं आणि मैलाशुद्धीकरण केंद्रापर्यंत न पोचता वाटेतच नदीत उतरलेलं.

मी पोटापाण्यासाठी हिशेब लिहिते. एका छोट्या कारखान्याची टॅली, जीएसटी, पगारपत्रकं. नदीवर गेले तीही हिशेबाच्याच वाटेने. आमच्या भागातली काही मंडळी रविवारी सकाळी नदीकाठी जमून कचरा उचलायची. हातमोजे आणि पोत्यांसाठी वर्गणी निघाली आणि तिचा हिशेब ठेवायला कुणी पुढे येईना. "तुम्ही करताच की ते काम," म्हणून वही माझ्या गळ्यात पडली. वर्गणी ती केवढी, पहिली दोन पानं भरायलाही तिला बराच काळ लागला. पण वहीची बाकीची पानं कोरी ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मग मी तारीख घालून नदीचंच लिहायला लागले. पाण्याचा रंग. वास. फेस आहे का. काल पाऊस होता का. कुठले पक्षी. कोण कोण आलं. नवीन काय दिसलं. आता पैशांची वही पातळ आहे आणि नदीच्या वह्यांनी कपाटाचा एक कप्पा अडवलाय.

ज्यांना रामनदी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुण्याबाहेर, मुळशीच्या रस्त्याला भूगावच्या पुढे खाटपेवाडीचा तलाव आहे, तिथून ही निघते. भुकूम, भूगाव, मानस तलाव, बावधन असं करत पाषाण तलावात येते. हा तलाव इंग्रजांच्या काळात तिच्यावरच बांध घालून केलेला. तिथून सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर आणि औंधच्या कडेला मुळेत जाऊन मिळते. वीस किलोमीटरचीही नाही सगळी मिळून. चांगला चालणारा माणूस सकाळी उगमाला निघाला तर संध्याकाळी संगमावर पोचेल, मधली कुंपणं आड आली नाहीत तर. पुढे मुळेत मुठा मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. माझी मावशी सोलापूरची. ती फोनवर विचारते, "काय गं, आज काय पाठवलंस आम्हाला?" तिला वाटतं तिने विनोद केला.

पावसाळा सरताना आम्ही नव्या लोकांना एकदा खाटपेवाडीला नेतो. भाषण करत नाही. पांढरा एनॅमलचा ट्रे, चहाची मोठी गाळणी आणि भिंग एवढंच सामान. काठाजवळचा दगड उचलायचा, उलटा करून ट्रेमध्ये हलवून धुवायचा आणि बघत बसायचं. शेपटाला तीन केसांसारखे तंतू असलेली मेफ्लायची पिल्लं वळवळतात, चतुरांच्या अळ्या निघतात, वर पृष्ठभागावर निवळ्या धावत असतात. यातली मेफ्लायची पिल्लं ऑक्सिजन भरपूर असेल तिथेच राहतात. मग गाडीत बसून बावधनच्या खाली यायचं आणि तोच उद्योग पुन्हा करायचा. पहिल्यांदा मुलांना घेऊन गेलो तेव्हा तिसरीतल्या एका मुलीने ट्रेमध्ये डोकावून आरोळी ठोकली, "काकू, लाल शेवया!"

त्या शेवया म्हणजे कायरोनोमिड नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या अळ्या. त्या लाल का, तर त्यांच्या अंगात आपल्या रक्तात असतं तसलंच हिमोग्लोबिन असतं. पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नसला तरी जो काही असेल तो धरून ठेवायची ती सोय. बाकीचे सगळे मेले किंवा निघून गेले की या उरतात. त्या मुलीला हे सांगितलं तर तिने विचारलं, "मग मासे कुठे गेले?" तिचे बाबा, जे तोवर बाजूला उभे राहून मोबाइलवर बोलत होते, ते फोन ठेवून जवळ आले. आज ते आमचे सगळ्यात चिवट कार्यकर्ते आहेत.

दुसरा खेळ बाटलीचा. काचेच्या बाटलीत नदीचं पाणी बुडबुडा न राहता भरायचं, त्यात दोन रसायनं ठरावीक थेंब टाकायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तळाशी बसतो. नसेल तर पांढरा. आंघोळीच्या लायकीचं पाणी म्हणायचं तर लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, ३ च्या वर जाता कामा नये. आकडे लोकांच्या लक्षात राहत नाहीत, पांढरा साका राहतो. एप्रिलमध्ये आमच्या पट्ट्यात तो पांढराच बसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. मुळा आणि मुठा दोघीही त्यात. रामनदीसारख्या पोटनद्यांना अशा यादीत कोण विचारतो, पण मुळेत जे गेलं ते कुठून गेलं हे उघड आहे.

आता कचऱ्याचं. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक कचरा उचलायलाच येतात. राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं येतात, त्यांना तास भरायचे असतात. ती खरं तर फार गुणी असतात, पण प्रमाणपत्रावर सही झाली की पुन्हा दिसत नाहीत. कंपन्यांचे गट येतात, एकसारख्या टीशर्टांत, बॅनरसकट. दहा वाजता नाश्ता, साडेदहाला सामूहिक फोटो, अकराला बस. एका गटाच्या ताईंनी मला आदल्या दिवशी फोन करून विचारलं होतं, "मॅडम, तिथे कचरा नक्की असेल ना?" मी म्हटलं, त्याची काळजी करू नका. सकाळी फिरायला येणारे निवृत्त काका लोक येतात. ते कमी वाकतात आणि जास्त सूचना देतात, पण रोज येतात. हे रोज येणं मला फार मोलाचं वाटतं, ते का हे पुढे येईलच.

काय काय निघतं म्हणाल, तर चपला. एकेकटी चपल, जोडी कधीच नाही. सॅनिटरी नॅपकिन. थर्माकोल. उशा, गाद्या. कोंबडीची पिसं भरलेली पोती. देवांच्या तसबिरी, काच फुटलेल्या. राडारोडा, म्हणजे बांधकामाचा मलबा, तो तर ट्रकनेच येतो आणि नेहमी रात्री येतो. २०१८ला राज्यात प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून कापडासारख्या दिसणाऱ्या पिशव्या निघायला लागल्या. त्याही प्लॅस्टिकच्याच असतात, फक्त झाडाच्या मुळांना जास्त चिकटून बसतात.

एकदा आमच्यासोबत कचरा वेचणाऱ्या एक मावशी आल्या होत्या. पुण्यात वेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, 'स्वच्छ', २००८पासून घरोघरचा कचरा त्या गोळा करतात. मावशींनी आमच्या पोत्यांचा ढीग पाहिला, चार पोती उलटी केली आणि म्हणाल्या, "ताई, ह्यातलं काय विकत नाय. बाटली बी चिखलानं भरलीया, भंगारवाला हात लावणार नाय. पुडीचं प्लॅस्टिक तर सुक्कं असलं तरी कोण घेत नाय." वेफर्सच्या, गुटख्याच्या चकचकीत पुड्या अनेक थरांच्या असतात, त्यांना बाजारात भाव नाही, म्हणून त्या कुणी वेचत नाही आणि शेवटी नदीत येतात. मावशींच्या लेखी आमचं काम उलट्या टोकाने चाललं होतं. जे घरातच वेगळं झालं असतं तर पैसे देऊन गेलं असतं, ते चिखलात लोळवून मग आम्ही उचलत होतो. त्यांनी चहा घेतला, आमचे हातमोजे बघून "ह्ये चांगलं हायत" म्हणाल्या आणि एक जोड घेऊन गेल्या.

तर कचरा उचलून नदी साफ होत नाही. हे मी कार्यकर्त्यांना पहिल्याच दिवशी सांगते, काही जण नाराज होतात. नदीला मारतं ते मैलापाणी. त्यातली घाण खायला जिवाणू तुटून पडतात आणि खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, बीओडी म्हणजे या भुकेचंच माप. वर साबण-डिटर्जंटमधला फॉस्फरस आणि मैल्यातला नायट्रोजन मिळाला की जलपर्णीची चंगळ. पंधरवड्यात ती दुप्पट होऊ शकते. पाषाण तलावातून दरवर्षी जलपर्णी काढतात आणि दरवर्षी ती येते, कारण तिचं खाणं कुणी बंद करत नाही. पोत्यात भरून नेता येण्यासारखं यातलं काहीच नाही.

मग रविवारी सकाळी सहा-सातला उठून कशाला जायचं? मला स्वतःला याचं उत्तर एका एप्रिलात मिळालं.

नदीत दोन प्रकारची तोंडं उघडतात. एक ड्रेनेजची, जी खरं तर नदीत उघडायलाच नकोत. त्यांनी काठाकाठाने मोठ्या वाहिनीला मिळून शुद्धीकरण केंद्रात जायचं असतं. दुसरी पावसाळी गटारांची. रस्त्यावरचं, गच्चीवरचं पावसाचं पाणी घेऊन ती नदीत येतात आणि त्यांनी यायलाच हवं. आता एप्रिलमध्ये पावसाळी गटार कसं असायला पाहिजे? कोरडं ठाक. पालापाचोळा, कोळ्यांची जाळी, एखादा सरडा. त्याच्या तोंडातून पाणी येत असेल तर वर कुणीतरी आपलं सांडपाणी त्यात जोडलेलं आहे. यासाठी ना प्रयोगशाळा लागते ना बाटली. फक्त एप्रिलमध्ये तिथे जाऊन उभं राहावं लागतं. पण लोक नदीवर कधी येतात? ५ जूनला, पर्यावरणदिनी, ढग जमले की. त्या सुमाराला वळवाचा पाऊस झालेला असतो, सगळीच गटारं ओली असतात आणि चोर गर्दीत मिसळून जातो.

आमच्या पट्ट्यात असं एक तोंड आहे. माझ्या वहीत त्याच्यासमोर "ओलं" असं लिहिलेलं वारंवार यायला लागलं, तेव्हा मी रोज फिरायला येणाऱ्या काकांपैकी एकांना म्हटलं, तुम्ही तसेही जाता, एवढं बघत जा. ते रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी वेळापत्रकच करून आणलं. सकाळी सहा ते नऊ जोरात, दुपारी बारीक धार, संध्याकाळी पुन्हा जोरात, रविवारी सकाळी उशिरा सुरू. कारखान्याचं पाणी असं वागत नाही. ही घरं होती, आणि रविवारी उशिरा उठणारी घरं.

तक्रार घेऊन मी एका कार्यालयात गेले. कोणतं ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसाने शेवटी मदत केली. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "मॅडम, ते पावसाळी गटार आहे. ड्रेनेजचा आणि त्याचा काही संबंध नाही."

"साहेब, मग सध्या पाऊस कुठे पडतोय तेवढं सांगा."

ते हसले, पण म्हणाले की कुठल्या इमारतीचं आहे ते कळल्याशिवाय काही करता येत नाही. खरंच होतं ते. रस्त्याखालचे जुने नकाशे कुणाकडे धड नसतात. मग आम्ही वरच्या बाजूला चेंबरांची झाकणं मोजत निघालो. झाकण उघडायचा अधिकार आम्हाला नाही, म्हणून प्रत्येक झाकणाला कान लावायचा. होय, खरंच. चौकात भल्या सकाळी पाच-सहा शहाणी माणसं रस्त्यावर गुडघे टेकून बसली आहेत हे पाहून एका रिक्षावाल्या दादांनी गाडी थांबवली आणि विचारलं, "काय हरवलंय का?" त्यांना सांगितलं तर म्हणाले, पुढच्या वळणावरचं झाकण हलतं, तिथून वास येतो. ते बरोबर निघालं.

शोध तीन इमारतींवर येऊन थांबला. त्यातल्या एका सोसायटीचे अध्यक्ष चांगले होते, म्हणाले, आमचं असेल तर आम्हालाही कळू दे. त्यांच्या परवानगीने वरच्या मजल्यावरच्या एका न्हाणीघरात खाण्याचा लाल रंग बादलीभर पाण्यात कालवून ओतला. खाली नदीवर लाल शेवयावाली मुलगी आणि तिचे बाबा फोन घेऊन उभे होते. फोनवर बराच वेळ काहीच नाही. अध्यक्षांचा चेहरा खुलत चालला होता. आणि मग पलीकडून किंकाळी, "आलंऽऽऽ!"

अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. बिल्डरने ड्रेनेजची जोडणी करून दिल्याचे कागद त्यांच्याकडे होते, आणि ते खरं मानून इतकी वर्षं लोक कर भरत होते. त्यात त्यांची काय चूक? मला या प्रकरणात कुणी खलनायक सापडला नाही. सापडला असता तर सोपं गेलं असतं.

त्यानंतर फोटो, तारखा, काकांचं वेळापत्रक आणि लाल रंगाचा व्हिडिओ असं सगळं बाड घेऊन पुन्हा त्या कार्यालयात. साहेबांनी वही उलटीपालटी करून बघितली. "हे तुम्ही दर आठवड्याला लिहिता?" म्हणाले. त्यांचा सूर त्या दिवशी बदलला. फायलीत आजवर "नदीत घाण पाणी येते" एवढंच एका ओळीत लिहिलेल्या तक्रारी येत, त्यावर कुणी काय करणार? जोडणी बदलायला पुढचा पावसाळा उजाडला, पण बदलली. पुढच्या एप्रिलात ते तोंड कोरडं होतं. मी स्वतः बोट लावून पाहिलं.

नदीला किती फरक पडला? मोजता येण्यासारखा नाही. बाटलीत अजून पांढराच साका आहे. वर बावधनपासून भूगावपर्यंत इमारतींची जी रांग उठली आहे तिचं काय? बावधन बुद्रुक २०२१ला महापालिकेत आलं, त्याच्या वरची गावं ग्रामपंचायतीत आहेत. म्हणजे नदी एक आणि तिची दारं वेगळी. खालच्या दाराशी गेलं की वरच्या दाराकडे बोट दाखवतात. मैलाशुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मंजूर झाला, ११ नवी केंद्रं, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमता, त्यात बाणेरचं एक आणि औंधच्या बोटॅनिकल गार्डनचं एक. त्याचं काम बरीच वर्षं रेंगाळलं. पण केंद्र पूर्ण झालं तरी पाणी त्याच्यापर्यंत जायला तर हवं! ते पावसाळी गटारातून थेट नदीत जात असेल तर केंद्र कितीही मोठं बांधा, त्याला ते भेटणारच नाही. हे चोरून वाहणारे धागे शोधायला कुठलंही सरकार रविवारी पहाटे रस्त्यावर कान लावून बसणार नाही. तिथे शेजारीपाजारीच लागतात. स्वयंसेवकांनी नदीसाठी करण्यासारखं खरं काम हे आहे असं माझं मत आहे, आणि पोती भरणं हे तिथे जायचं निमित्त.

नदी नियमित बघणाऱ्या माणसांचा दुसरा उपयोग म्हणजे ती फसत नाहीत. हिवाळ्यात आमच्याकडे शेकाट्या नावाचे पक्षी येतात. लांबलचक गुलाबी पाय, काळे पंख, दिसायला देखणे. लोक फोटो काढून ग्रुपवर टाकतात, "नदी सुधारतेय, पक्षी परत आले!" शेकाट्यांना उथळ, घाण पाणी मनापासून आवडतं, कारण चिखलात लाल शेवयांची पंगत असते. त्यांचे थवे वाढले तर मला काळजी वाटते. त्याउलट एका ठिकाणी काठाच्या खडकातून झिरपणारं स्वच्छ पाणी आहे, तिथे चिमूटभर जागेत टाचण्या असतात, चतुरांच्या चुलतबहिणी म्हणा. त्याचा फोटो कुणी टाकत नाही. सह्याद्रीच्या या काळ्या खडकाच्या फटींतून असे झरे जागोजागी निघतात, बावधनलाही आहेत. सोमेश्वरवाडीतले एक आजोबा सांगतात, लहानपणी ते नदीच्या वाळूत हाताने झिरा उकरून पाणी प्यायचे. आता वाळूही नाही.

झाडं लावायला मात्र सगळे उत्साहाने येतात. काठावर काय लावायचं यावर दर वर्षी वाद होतो. कंपन्यांना फोटोत दिसेल असं उंच रोप हवं असतं, काकांना वड-पिंपळ हवे असतात. नदीच्या अगदी कडेला लागतात ती लव्हाळी, पाणकणीस, त्याच्या मागे वाळुंज, पाणजांभूळ, करंज, उंबर. पुरात वाकतात, माती धरून ठेवतात, पूर गेला की उभी राहतात. लव्हाळ्याचा गड्डा हातात घेऊन फोटो काढायला कुणी तयार नसतं. सुबाभूळ आणि बेशरम उपटायलाही नसतं, दुसऱ्या दिवशी कंबर धरते.

पुराचं गांभीर्य नव्या लोकांना पटवणं हे एक वेगळंच काम. ही नदी छोटी, भोवती टेकड्या आणि टेकड्यांच्या पायथ्याशी सगळं काँक्रीट. वर भूगावकडे ढग फुटला की इथे ऊन असतानाच पाणी चढतं. २०१०च्या ऑक्टोबरात हिला आलेला पूर इथल्या जुन्या लोकांना अजून आठवतो. २०१९च्या सप्टेंबरात दक्षिणेला आंबिल ओढ्याने एका रात्रीत किती घरं आणि माणसं नेली, ते साऱ्या पुण्याने पाहिलं. म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही पात्रात उतरत नाही, मग कुणी कितीही आग्रह करो. पूररेषेचे नकाशे आम्ही गटात एकदा बसून वाचले. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. एका कार्यकर्त्याने आपली इमारत नकाशावर शोधली, बराच वेळ झूम करून बघितली आणि मग काही न बोलता फोन खिशात ठेवला.

नदीकाठ सुधार प्रकल्पाबद्दल माझ्या कार्यकर्त्यांत दोन तट आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा नदीपट्टा, मार्च २०२२मध्ये पायाभरणी झाली. काहींना फिरायला छान रस्ता हवाय, काहींना पात्र अरुंद होईल आणि झाडं जातील याची भीती वाटते. २०२३च्या एप्रिलात झाडांसाठी मोठा मोर्चा निघाला, आमच्यातले काही जण गेले होते. मी मोर्चात ओरडू शकत नाही, घसाच बसतो. पण हरकती नोंदवायची वेळ आली तेव्हा काही जण आमच्या वह्यांच्या झेरॉक्स मागायला आले. माझं मत विचाराल तर सांडपाणी आधी, बाकडी नंतर. घाणेरड्या पाण्याकाठी बाकड्यावर कोण बसणार?

गणपतीत आम्ही पुलांवर उभे राहतो. पुलाच्या कठड्याला जाळी असते आणि जाळीला नेमकं एका ठिकाणी भोक असतं, ते दर वर्षी त्याच ठिकाणी असतं. निर्माल्याची पिशवी घेऊन आलेल्या माणसाला अडवणं ही कला आहे. उपदेश केला की तो पिशवीसकट पुढच्या पुलावर जातो. आमच्यातल्या एक शिक्षिका आहेत, त्या फक्त विचारतात, "कोणती फुलं होती हो यंदा?" माणूस बोलायला लागतो, तेरडा, शेवंती, केवडा मिळाला नाही, भाव किती चढले वगैरे, आणि बोलता बोलता पिशवी आमच्या पिंपात येते. प्लास्टरच्या मूर्तींसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) सुचवलेली अमोनियम बायकार्बोनेटची युक्ती आम्ही एका सोसायटीत बादलीत करून पाहिली. मूर्ती हळूहळू विरघळते आणि उरलेलं पाणी झाडांना खत म्हणून चालतं. फक्त वास असा सुटतो की शेजारी नदीच बरी म्हणायला लागले.

यंदाच्या एप्रिलात आमच्या पट्ट्यात पुन्हा दोन तोंडं ओली आहेत. एक नवं आहे, वरच्या बाजूला काम चालू असलेल्या इमारतीचं असावं, कारण त्यातून सिमेंटचं पांढुरकं पाणी येतं आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत थांबतं. दुसरं जुनं आहे, दोन वर्षं कोरडं होतं, आता सकाळी वाहतंय. रेल्वेवाल्या काकांनी वेळापत्रक सुरू केलंय, पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, म्हणून सकाळी सहा ते सात या वेळेला कुणीतरी हवं आहे. आठवड्यातले दोन दिवस दिलेत तरी चालेल. यायचं असेल तर जुने बंद बूट घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या, पाण्यात हात घालू नका. बॅनर आणू नका. पेन आणा, वही माझ्याकडे आहे.